तेल आणि पाणी : वैर की स्वभाव?

रायपूरला आलेल्या पाहुण्याला संध्याकाळी हमखास नेले जाते ते तेलीबांधा तलावावर. दिव्यांची रांग, काठावरची गर्दी, मुलांचा गलका यांमुळे रायपूरकर या काठाला कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. पण तलावाच्या नावाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेली आणि बांध! ज्याचा धंदा तेलाचा, त्याचे नाव पाण्याला. तिकडे रेल्वे स्थानकाच्या बाजूला गेले की लागतो तेलघानी नाका. तेल गाळणाऱ्या घाण्याची आठवण त्या नाक्याने आजही जपली आहे.

शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर राजिम आहे. महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्या तिथे एकत्र येतात. राजीवलोचनाचे प्राचीन मंदिर याच संगमाच्या काठी उभे आहे. या गावाची एक दंतकथा छत्तीसगडात घरोघरी सांगितली जाते. राजिम नावाची एक तेलीण डोक्यावर तेलाचे भांडे घेऊन विकायला निघाली. वाटेत एका दगडाची ठेच लागून तिचे सगळे तेल सांडले. आता घरी काय सांगायचे, म्हणून ती रडू लागली. रिकामे भांडे तिने त्याच दगडावर ठेवले, आणि पाहते तो काय, भांडे तेलाने काठोकाठ भरलेले! दिवसभर विकूनही ते सरले नाही. तो दगड म्हणजे पालथी पडलेली विष्णूची मूर्ती होती, अशी श्रद्धा आहे. दरवर्षी ७ जानेवारीला राजिम भक्तीण मातेची जयंती साजरी होते.

दंतकथेतल्या तेलिणीचे तेल परत आले. खऱ्या आयुष्यात पाण्यावर सांडलेले तेल परत भांड्यात येत नाही. ते बुडत नाही, विरघळत नाही, नुसते पसरत जाते. असे का व्हावे? तेलाचे आणि पाण्याचे जमत का नाही?

प्रश्न शाळकरी मुलाचा वाटतो. पण त्याचे उत्तर ठाऊक नसले की कढई पेटल्यावर माणूस घाईघाईने पाण्याची बादली उचलतो आणि दोन मिनिटांत विझली असती ती आग छताला भिडते. म्हणून हे उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात माहीत असायला हवे.

हलके-जड एवढेच कारण नव्हे

‘तेल हलके असते म्हणून ते पाण्यावर तरंगते,’ हे उत्तर बहुतेक जण देतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. तेलाची एक लिटरची पिशवी उलटून पाहा. त्यावर वजन साधारण ९१० ग्रॅम लिहिलेले असते. तेवढेच पाणी एक किलो भरते. म्हणजे तेल हलके, हे खरे.

पण हलकेपणामुळे फक्त वर कोण आणि खाली कोण एवढेच ठरते. मिसळायचे की नाही, हे त्यावर ठरत नाही. स्पिरिट तर तेलापेक्षाही हलके असते, तरी ते पाण्यात सहज मिसळते. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असते, तेही मिसळते. रॉकेल मात्र हलके असूनही पाण्यात मिसळत नाही. तेव्हा खरे कारण वजनात नाही. ते शोधायला डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंच्या दुनियेत डोकवावे लागते.

झिम्म्याचा खेळ

मंगळागौरीच्या रात्री रंगलेला झिम्मा आठवा. प्रत्येकीचे दोन्ही हात सतत हलत असतात. आता हिला टाळी, लगेच तिला टाळी. जोडी क्षणाक्षणाला बदलते, पण कोणाचेही हात रिकामे राहत नाहीत. पाण्याचे रेणू असाच झिम्मा खेळत असतात.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण विद्युतभार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला शास्त्रज्ञ हायड्रोजन बंध म्हणतात. हे बंध सेकंदात अब्जावधी वेळा तुटतात आणि पुन्हा जुळतात. एक हात सुटला की लगेच दुसरा धरला!

तेलाच्या रेणूची घडण अगदी वेगळी. ग्लिसरीनच्या छोट्याशा कण्याला स्निग्ध आम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. एकेका शेपटीत बहुधा सोळा किंवा अठरा कार्बन अणू असतात आणि त्यांना हायड्रोजन चिकटलेले असतात. या शेपट्यांवर विद्युतभार जवळजवळ नसतोच. थोडक्यात, टाळी द्यायला तेलाजवळ हातच नाहीत.

आता कल्पना करा, रंगलेल्या झिम्म्यात अंगभर शाल लपेटलेल्या, हात आत घेतलेल्या काही पाहुण्या मधेच येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे कोणाशी वैर नाही. पण त्यांच्या आजूबाजूच्या खेळणाऱ्या जणींची अडचण होते. त्या बाजूला टाळी देता येत नाही, म्हणून अंग चोरून, ठरावीक दिशेलाच हात करावे लागतात. खेळाची मोकळीक जाते. पाहुण्या विखुरल्या तर खूप जणींची अडचण. त्याच पाहुण्या एका कोपऱ्यात एकत्र बसल्या तर फक्त कडेच्या दोन-चार जणींची. काही वेळाने कोणी न सांगता नेमके हेच घडते.

तेलाच्या थेंबाभोवतीच्या पाण्याच्या रेणूंचीही अशीच कुचंबणा होते. त्यांना ठरावीक तऱ्हेनेच उभे राहावे लागते. आणि जिथे मोकळीक जास्त, तिकडे जाण्याचा निसर्गाचा कल असतो. म्हणून थेंब थेंबाला मिळतो, थर तयार होतो आणि तेल बाजूला बसते. बाटलीत घालून कितीही हलवले तरी क्षणभर असंख्य थेंब होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा जैसे थे.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. तेल आणि पाणी एकमेकांना दूर लोटत नाहीत. त्यांच्यात थोडीफार ओढच असते, म्हणून तर तेलाचा थेंब पाण्यावर पातळ पसरतो. गोष्ट एवढीच, की पाण्याला पाण्याची ओढ कितीतरी अधिक! आपण ज्याला वैर समजतो, तो खरे तर पाण्याचा आपल्या माणसांबद्दलचा जिव्हाळा आहे.

घाण्यात पाणी कशाला?

पुस्तकात हे सारे अलीकडे आले. घाणा चालवणाऱ्या तेल्याला मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या हाताने ठाऊक होते. बैलाच्या घाण्यात तीळ भरडताना तो अधूनमधून थोडेसे पाणी शिंपडत असे. नवख्या माणसाला वाटे, हा तेलात पाण्याची भेसळ करतो आहे! पण त्यामागे युक्ती होती. भरडलेल्या तिळातील प्रथिने आणि चोथा पाणी चटकन शोषून घेतात. पाण्याने जागा घेतली की तेलाला तिथून निघावे लागते. सुटे झालेले बारीक थेंब एकमेकांना मिळतात आणि तेल वाहू लागते. पाणी पेंडीत राहते, तेल बाहेर येते. जे मिसळत नाही, त्याच्याच जोरावर तेल्याने तेल मिळवले.

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. रायपूर आणि आसपासच्या परिसरात भातगिरण्यांची दाटी आहे. साळ सडली की आधी तूस निघते आणि तांदूळ पांढरा करताना कोंडा निघतो. हा कोंडा एकेकाळी गुराढोरांच्या पुढ्यातच जायचा. त्यात साधारण १५ ते २० टक्के तेल असते. अडचण अशी, की कोंडा सुटा झाला रे झाला की त्यातलेच एक विकर तेलाची नासाडी करू लागते. त्यामुळे कोंडा काही तासांतच तापवून टिकाऊ करावा लागतो किंवा लगेच कारखान्यात पोहोचवावा लागतो. तेलाच्या कारखान्याला गिरण्यांचा शेजार मोलाचा ठरतो तो यासाठी.

कोंड्यातले तेल दाबून नीट निघत नाही. मग हेक्झेन नावाच्या द्रवात कोंडा भिजवतात. हेक्झेनजवळही पाण्यासारखे ‘हात’ नाहीत. त्यामुळे तेल त्यात आनंदाने विरघळते. समानशीले समानव्यसनी! हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळते. ते वाफेच्या रूपाने काढून, थंड करून पुन्हा वापरतात आणि मागे कच्चे तेल उरते.

आता गंमत पाहा. हे कच्चे तेल शुद्ध करताना त्यात पुन्हा पाणीच घालतात! तेलात डिंकासारखे चिकट पदार्थ असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याचे सोयरे, तर दुसरे तेलाचे. गरम पाणी मिळताच हे पदार्थ फुगतात, जड होतात आणि तळाशी बसतात. मग पाण्याबरोबर ते काढून टाकता येतात. पाणी तेलात मुक्कामाला राहत नाही, पण जाताना घरातला कचरा घेऊन जाते. राइस ब्रॅन तेल म्हणून आपल्या स्वयंपाकघरात येणारे तेल अशा पाण्याच्या भेटीगाठी करूनच आलेले असते.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात स्थिरावलेली अनेक मराठी घरे आहेत. पोळ्याला आणि तीजेला तिथे करंजीच्या शेजारी ठेठरी आणि खुर्मीही तळली जाते. करंजी असो की खुर्मी, खुसखुशीत व्हायची तर पिठाला तेला-तुपाचे मोहन हवेच. का बरे? पिठात पाणी पडले की त्यातील प्रथिनांचे चिवट धागे बनतात. पोळीला ते हवेत, करंजीला नकोत. मोहन पिठाच्या कणांना तेलाचा रेनकोट चढवते. पाणी कणांपर्यंत नीट पोहोचत नाही, धागे तोकडे राहतात आणि करंजी तोंडात विरघळते.

चकली तेलात सोडताच बुडबुड्यांचा गदारोळ उठतो. ते बुडबुडे तेलाचे नसतात. पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडत असते. जोवर वाफ जोराने बाहेर येते, तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बुडबुडे कमी झाले की चकली झाली, हे आजीचे गणित अचूक आहे. तेल पुरेसे तापले नसेल तर वाफेचा जोर राहत नाही आणि चकली तेल पिते. लोणी कढवताना होणारा तडतड आवाजही लोण्यातल्या पाण्याचाच. लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असते. ते उडून गेले, आवाज थांबला, की तूप झाले.

नागपुरी तर्री लालभडक का दिसते? मिरचीचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. हळदीचेही तसेच, म्हणून हळद फोडणीत घालतात. मिरचीचा तिखटपणासुद्धा तेलाचाच सोबती. तोंड पोळले की घटाघट पाणी पिऊन उपयोग होत नाही, पण घोटभर दूध किंवा चमचाभर दही आराम देते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तेलात विरघळतात. छत्तीसगडात पालेभाज्यांचे प्रकार अमाप. लालभाजी असो की चेचभाजी, तिला चमचाभर तेलाची फोडणी दिली तर त्यातला जीवनसत्त्व अ बनवणारा घटक अंगी लागतो. ब गटातली जीवनसत्त्वे आणि क जीवनसत्त्व मात्र पाण्यात विरघळतात. चिरलेली भाजी वारंवार धुतली तर ती मोरीत जातात.

स्वयंपाकघर ही प्रयोगशाळा आहे, हे केवळ बोलण्यापुरते नाही. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आग्नेस पोकेल्स नावाची तरुणी राहत असे. त्या काळी तिथल्या मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. आईवडिलांची सेवा आणि घरकाम हेच तिचे जग. भांडी घासताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो, हे ती बारकाईने पाहू लागली. पत्र्याची पसरट ताटली, तिच्यावर सरकणारी पट्टी आणि साधा तराजू एवढ्या सामग्रीवर तिने पृष्ठताण मोजला. १८९१ साली तिने आपली निरीक्षणे इंग्लंडमधील नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. मोठ्या मनाच्या रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवले आणि ते त्याच वर्षी छापून आले. पाण्यावरच्या तेलकट थराचा पुढे जो शास्त्रशुद्ध अभ्यास झाला, त्याच्या पायात खरकट्या भांड्यांजवळ उभ्या असलेल्या या मुलीची चिकाटी आहे.

मधला माणूस

दोन घरांचे जमत नसेल तर दोघांच्याही ओळखीचा कोणीतरी लागतो. तेल-पाण्याच्या बाबतीत हे काम साबण करतो. त्याच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे आणि शेपटी तेलाकडे. तेलकट ताटावर साबण फिरवला की शेपट्या तेलात रुततात, डोकी बाहेर पाण्यात राहतात. तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, प्रत्येकाभोवती साबणाचे कडे होते आणि पाणी त्यांना वाहून नेते. तेल विरघळत नाही, फक्त पाण्याबरोबर प्रवास करायला तयार होते.

रिठा आणि शिकेकाई यांच्यातही असेच फेस आणणारे मध्यस्थ असतात. पूर्वी राखेने भांडी घासत. राखेतला क्षार तेलकटपणाशी मिळून थोडा साबणच तयार करी. दुधात तर निसर्गाने हा समेट आधीच घडवून आणला आहे. स्निग्धांशाच्या सूक्ष्म गोळ्यांभोवती नाजूक आवरण असते, म्हणून ते पाण्यात तरंगत राहतात. ताक घुसळताना आपण ते आवरण मोडतो. स्निग्धांश स्निग्धांशाला भेटतो आणि लोण्याचा गोळा वर येतो. मध्यस्थ गेला की पुन्हा मूळ स्वभाव!

कढई पेटली तर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सणाचे दिवस आहेत. कढईत तेल तापते आहे आणि नेमका फोन वाजतो किंवा दारात कोणी येते. पाच-दहा मिनिटे गेली. तेलातून आधी निळसर धूर निघतो आणि मग अचानक भडका उडतो. घरातला माणूस काय करतो? आग म्हणजे पाणी, हे लहानपणापासून मनावर ठसलेले. तो तांब्याभर पाणी कढईत ओततो.

त्या क्षणी काय घडते ते समजून घ्या. पाणी जड, म्हणून ते तेलावर न थांबता खाली जाते. तेल तीनशे अंशांहून अधिक तापलेले आणि पाणी तर शंभर अंशांला उकळणारे. खाली गेलेल्या पाण्याची निमिषात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. ही वाफ वरचे पेटते तेल कारंज्यासारखे उडवते. हवेत उडालेल्या प्रत्येक थेंबाला भरपूर प्राणवायू मिळतो आणि क्षणभरात आगीचा लोळ उठतो. चेहरा, हात, पडदे, वरचे कपाट, काहीही सुटत नाही. पाण्याने आग विझवायची तर पाण्याने जळत्या वस्तूला भिजवून थंड करावे लागते. तेल भिजतच नाही!

म्हणून घरातल्या प्रत्येकाने, मुलांनी आणि कामाला येणाऱ्या बाईंनीही, हे पाठ करावे. पहिली गोष्ट, हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तर गॅस बंद करायचा. दुसरी, कढईवर घट्ट बसणारे धातूचे झाकण किंवा मोठे ताट बाजूने सरकवत ठेवायचे. हवा तुटली की आग गुदमरते. तिसरी, झाकण लगेच उचलून पाहायचे नाही. तेल पुरते थंड होऊ द्यायचे, नाहीतर हवा मिळताच ते पुन्हा पेटते. चौथी, पेटलेली कढई उचलून मोरीकडे किंवा अंगणात न्यायची नाही. भाजण्याचे कितीतरी प्रसंग या धावपळीत ओढवतात. पीठ किंवा मैदाही टाकायचा नाही, तो स्वतःच पेट घेतो. आग आवाक्याबाहेर जात असेल तर कढईचा मोह सोडून सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि अग्निशमन दलाला बोलवायचे.

एक भेद मात्र लक्षात ठेवा. पेटलेल्या तेलावर पाणी नको, पण तेलाने भाजलेल्या कातडीवर पाणीच हवे. भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतले काहीही लावू नये. भाजणे मोठे असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. तळण चालू असताना विस्तवापासून हलायचे नाही आणि जवळ एक झाकण तयार ठेवायचे, एवढ्या दोन सवयींनी बहुतेक अनर्थ टळतात.

एक चमचा तेल, वीस गुंठे पाणी

तळण आटोपले. कढईत काळपट तेल उरले आहे. बऱ्याच घरांत ते सरळ मोरीत जाते आणि वरून पाण्याची बादली. डोळ्यांआड झाले की संपले!

ते खरोखर संपते का? अमेरिकेचे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यात एक प्रयोग केला होता. त्याचा वृत्तान्त १७७४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तळ्यावर जेमतेम एक चहाचा चमचा तेल टाकले. बघता बघता ते सुमारे अर्धा एकर पाण्यावर पसरले आणि तेवढ्या भागातल्या लाटा शांत झाल्या. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे! एवढ्याशा तेलाचा एवढा विस्तार झाला, कारण तो थर जवळजवळ एका रेणूइतका पातळ होता. आता तेलीबांध्याचा तलाव डोळ्यांसमोर आणा आणि कढईभर तेलाचा हिशेब करा.

तेलाचा थर पाण्यावर बसला की हवेतला प्राणवायू पाण्यात शिरणे अवघड होते. साचलेल्या डबक्यांवर तेल टाकून डासांच्या अळ्या मारण्याचा उपाय जुना आहे. अळ्या पृष्ठभागावर येऊन श्वास घेतात आणि तेल त्यांची वाट अडवते. डबक्यात जो उपाय, तोच तळ्यात आणि नदीत अपाय. रायपूरला पिण्याचे पाणी पुरवते ती खारूण नदी. महादेव घाटावर भक्तांची गर्दी होते ती याच नदीकाठी. खारूण शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. शहरातल्या एका मोरीचा मार्ग फार दूरवर जातो.

समुद्रावर हीच गोष्ट किती भीषण होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल समुद्रात गेले. ते बुडाले नाही, विरघळले नाही. भरती-ओहोटीबरोबर ते किनाऱ्यांवर आणि खारफुटीच्या मुळांपर्यंत पोहोचले. अनेक दिवस कोळी बांधवांचा धंदा बसला.

नळात टाकलेल्या तेला-तुपाचे आणखी एक रूप २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सापडले. गटारात थिजलेली चरबी आणि कचरा यांचा सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा लगदा! तो खणून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. आपल्या इमारतीची मोरी थंडीत तुंबते, तेव्हा छोट्या प्रमाणावर हेच झालेले असते.

मग उरलेल्या तेलाचे करावे काय? मुळात तळणाला बेताचेच तेल घ्यावे. उरलेले गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला वापरून टाकावे, पुन्हा पुन्हा तळू नये. तेल वारंवार तापले की त्यात अपायकारक घटक वाढतात. अशा घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झालेले तेल वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. त्याच वर्षी वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची मोहीमही सुरू झाली. हॉटेलांचे आणि फरसाणवाल्यांचे तेल त्यात जाऊ शकते. घरातले थोडे खराब तेल थंड करून जुन्या बाटलीत साठवावे आणि कोणी गोळा करणारे असतील तर त्यांना द्यावे. नाहीतर रद्दी कागदात टिपून कचऱ्यात टाकावे. तेलकट कढई आधी कागदाने पुसून मग घासली तर साबण कमी लागतो, पाणी कमी लागते आणि मोरीही मोकळी राहते.

न मिसळण्यातच शहाणपण

तेल आणि पाणी मिसळले असते तर किती बरे झाले असते, असे भांडी घासताना कोणालाही वाटेल. पण तसे झाले असते, तर तसे वाटायला आपण उरलो नसतो. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीला एक आवरण आहे. ते ज्या रेणूंचे बनलेले आहे, ते कोंड्याच्या तेलातल्या त्या चिकट पदार्थांचेच भाऊबंद. एक टोक पाण्याचे, दुसरे तेलाचे. त्यांचे दोन थर तेलकट शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून उभे राहतात. त्यांना जागेवर धरून ठेवायला खिळा नाही की टाका नाही. पाण्याला पाण्याची ओढ आहे, एवढ्याच आधारावर ती भिंत उभी आहे. ती नसती तर आतले पाणी आणि बाहेरचे पाणी एक झाले असते आणि पेशी उरलीच नसती.

राजिमच्या संगमावर तीन नद्यांचे पाणी मिसळते. कोणते पाणी महानदीचे आणि कोणते पैरीचे, हे क्षणात सांगता येईनासे होते. त्याच पाण्यावर संध्याकाळी कोणी दिवा सोडतो. पणतीत तेल असते, भोवती पाणी. दोघे आपापल्या जागी राहतात, म्हणून वात जळत राहते.